धुवणाचं पाणी फेकू नका : एका एमएस्सी प्रकल्पाची सात महिन्यांची हकिगत

मागच्या आठवड्यात 'नो ड्यूज'च्या फॉर्मवर शेवटची सही पडली. ग्रंथालय, हिशेब खातं आणि फुटलेल्या क्युव्हेटचे, म्हणजे रीडिंग घ्यायच्या छोट्या नळीचे, २४० रुपये भरल्यावर प्रयोगशाळासुद्धा. वय एकोणचाळीस, मुलगी आठवीत, शिक्षणात चौदा वर्षांचा खंड. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र लिहून देताना जी धाकधूक होती, ती चौथ्या सत्राच्या प्रकल्पापुढे काहीच नव्हती. माझा विषय होता एन्झाइम नैसर्गिक पॉलिमरवर, म्हणजे रेणूंच्या लांब साखळीच्या पदार्थावर, बांधून ठेवण्याचा. सुरू केलं तेव्हा मराठीत कोणाचा अनुभव वाचायला मिळाला नाही, म्हणून माझा लिहून ठेवते आहे.

विषय ठरला नोव्हेंबर २०२४ मध्ये. विषयाच्या मंजुरीचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा, त्यावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तीन सह्या. २० तारखेला विधानसभेचं मतदान. कॉलेजात मतदान केंद्र, त्यामुळे त्या आठवड्यात अर्धं कार्यालय निवडणुकीच्या कामावर. फॉर्म परत हातात आला २ डिसेंबरला. तुमच्याही फॉर्मला असंच काहीतरी आडवं येईल, पंधरा दिवस त्यासाठी धरून ठेवा.

विषय थोडक्यात सांगते. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, रासायनिक क्रिया वेगाने घडवतं आणि स्वतः संपत नाही. पण कारखान्यात ते द्रावणात विरघळवून टाकलं, की माल तयार झाल्यावर वेगळं काढता येत नाही आणि मालाबरोबर वाया जातं. म्हणून ते कशावर तरी चिकटवायचं किंवा कशात तरी कोंडायचं. क्रिया झाली की गाळून घ्यायचं आणि पुन्हा वापरायचं. कल्पना जुनी आहे. १९१६ साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं, की यीस्टमधलं इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीवर चिकटल्यावरही साखर फोडत राहतं. कारखान्यात हे आलं १९६९ मध्ये, जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत. चिबाता आणि तोसा यांनी अमिनोअसायलेज हे एन्झाइम डेक्स्ट्रानपासून बनवलेल्या आधारावर बसवलं आणि त्यावर अमिनो आम्लं वेगळी करायला सुरुवात केली. डेक्स्ट्रान म्हणजे जिवाणूंनी केलेली साखरेची साखळी. पहिल्या कारखान्यातला आधारही नैसर्गिक घराण्यातलाच होता, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

माझं एन्झाइमही इन्व्हर्टेजच. ते साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. मिठाई आणि चॉकलेटच्या धंद्यात लागणारा इन्व्हर्ट सिरप याने करता येतो. निवडीचं खरं कारण मात्र पैसे. तयार इन्व्हर्टेज महाग होतं आणि यीस्टमधून ते घरच्यासारखं काढता येतं. वाशीच्या बेकरी सामानाच्या दुकानातून अर्ध्या किलोची ताज्या यीस्टची वडी ९० रुपयांना आणली, सोडियम बायकार्बोनेटच्या ०.१ मोलर द्रावणात कालवली, ४० अंशांवर रात्रभर ठेवली आणि सकाळी सेंट्रिफ्यूज केली. वर राहिलेलं पिवळसर पाणी म्हणजे कच्चं एन्झाइम. ते एकदाच भरपूर काढा, लहान लहान नळ्यांत भरून गोठवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. मी पहिल्या दोन वेळा ताजं काढलं आणि दोन्ही वेळा ताकद वेगळी निघाली. तुलना कशाची कशाशी करणार?

एन्झाइम बसवायला दोन नैसर्गिक पॉलिमर घेणार होते, अल्जिनेट आणि चिटोसान. त्यांच्यासाठी आणि बाकी रसायनांसाठी इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणी-अर्ज. नियम असा, की तीन कोटेशन हवीत, त्यातलं सगळ्यात स्वस्त मंजूर होणार आणि दर विद्यार्थ्यामागे मर्यादा तीन हजार. सोडियम अल्जिनेट १०० ग्रॅम ६४० रुपये, ग्लुटाराल्डिहाइड अर्धा लिटर ७८०, फुटलेली साखर मोजायचं डीएनएसए २५ ग्रॅम ६९०, वर १८ टक्के जीएसटी. एकूण २,४९०. चिटोसानची १०० ग्रॅमची बाटली २,१५० रुपयांची होती, ती यात बसत नव्हती. इथे मला एक शहाणपण सुचलं. चिटोसान म्हणजे कोळंबीच्या टरफलातलं कायटिन, फक्त अल्कलीत उकळून त्यावरचे असिटिल गट काढलेलं. नवी मुंबईत राहून कोळंबीची टरफलं विकत घ्यायची?

रसायनं यायला तीन आठवडे लागले. तोवर, १० जानेवारीला, मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात गेले. मासळी बाजारातल्या मावशींनी टरफलं फुकट दिली, वर विचारलं, "काय करशील गो या सालांचा? झाडांना घालतेस का?" मी म्हटलं, परीक्षा आहे. त्या हसल्या आणि आणखी एक ओंजळ पिशवीत टाकली. दीड किलोची ती पिशवी घेऊन एनएमएमटीच्या बसमधून नेरूळपर्यंत आले. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

टरफलं धुऊन वाळवायची, कुटायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की त्यातला चुना फसफसून निघून जातो. नंतर सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढायची. इथवर झालं ते कायटिन. पुढची पायरी अवघड. पन्नास टक्क्यांच्या आसपासचा कॉस्टिक आणि शंभर अंशांवरचं तापमान. हे प्रयोगशाळेतसुद्धा एकट्याने करू नका. मार्गदर्शक मॅडम शेजारी उभ्या होत्या, गॉगल आणि जाड हातमोजे होते, तरी एक शिंतोडा ॲप्रनला भोक पाडून गेला. वासाची तर तक्रारच आली, वरच्या मजल्यावरच्या वाणिज्य विभागाकडून. बारा दिवसांनी हातात ३८ ग्रॅम फिकट गुलाबी चुरा आला. तो एक टक्का असिटिक आम्लात टाकला आणि रात्रभर ढवळत ठेवला. चिटोसान असतं तर विरघळून मधासारखं दाट झालं असतं. सकाळी चुरा तळाशी होता तसाच, वर आम्ल निवळ. असिटिल गट पुरेसे निघालेच नव्हते. म्हणजे बारा दिवस खपून मी कायटिनच केलं होतं.

मग बाटली स्वतःच्या पैशाने मागवली, जीएसटीसकट २,५३७ रुपये. संक्रांत त्या टरफलांत गेली. मुलगी म्हणाली, "आई, तिळगूळ राहू दे, आधी हात धू."

चिटोसान येईपर्यंत अल्जिनेट. हे समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून काढतात. त्याच्या साखळ्यांमध्ये कॅल्शियम बसलं की त्या एकमेकींना धरून ठेवतात आणि घट्ट जेल होतं. पुस्तकात याला अंड्यांच्या ट्रेची उपमा देतात. साखळ्या म्हणजे ट्रे आणि कॅल्शियम म्हणजे अंडी. करायला सोपं. तीन टक्के अल्जिनेटमध्ये एन्झाइम मिसळायचं आणि सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या ०.२ मोलर द्रावणात सोडायचं. थेंब पडताक्षणी मणी होतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. पहिल्यांदा ते बघताना मी अक्षरशः टाळी वाजवली.

सोपं म्हटलं तरी खाचा आहेत. अल्जिनेट एकदम पाण्यात ओतलं तर बेसनासारख्या गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत. स्टरर चालू ठेवून चिमूट चिमूट भुरभुरायचं आणि द्रावण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. सुई पृष्ठभागाच्या फार जवळ धरली तर मण्यांना शेपट्या येतात, मी वीतभर उंच धरत होते. आणि कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीवर नीट वाचा. पाणी नसलेलं असेल तर लिटरला २२.२ ग्रॅम, डायहायड्रेट असेल तर २९.४. माझ्या बॅचमधल्या एकीचे मणी पंधरा दिवस मऊ येत होते, कारण एवढंच.

पहिली बॅच ३ फेब्रुवारीला केली, छान धुतली, फ्रीजमध्ये जो बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) दिसला त्यात ठेवली आणि ५.४० ची ठाणे लोकल पकडली. सकाळी बीकरमध्ये मणी नव्हते. पातळ पेजेसारखं काहीतरी होतं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "ताई, कोणी टाकलं नाही हो, मी कुलूप लावलं होतं." मणी कोणी टाकले नव्हते, विरघळले होते. तो फॉस्फेट बफर होता. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं. अंडी काढून घेतली की ट्रे सुटे होतात. सायट्रेटही तेच करतं. इन्व्हर्टेजला ४.५ च्या आसपास पीएच आवडतो, तेव्हा असिटेट बफर वापरायचा आणि त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून ठेवायचं. एवढी मोठी गोष्ट प्रोटोकॉलमध्ये अर्ध्या ओळीत होती आणि मी ती वाचून पुढे गेले होते.

फेब्रुवारीत तीन बॅचेस झाल्या. मोजायची पद्धत डीएनएसएची, म्हणजे मिलरची १९५९ पासून चालत आलेली. फुटलेल्या साखरेबरोबर हे पिवळं द्रावण उकळलं की नारिंगी-तांबडं होतं आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. साखरेचं द्रावण रोज ताजं करा. शिळं द्रावण स्वतःच थोडं फुटतं आणि ब्लँकलाच, म्हणजे एन्झाइम न घातलेल्या नळीलाच, रंग येतो. घातलेली ताकद १०० युनिट धरली तर माझ्या मण्यांत दिसत होती २९. तिन्ही वेळा साधारण तेवढीच.

मार्गदर्शक मॅडम माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला तुम्ही म्हणतात, आणि दोघींनाही सुरुवातीला त्याचा जरा संकोच होता. त्या दिवशी त्यांनी वही बघितली आणि विचारलं, "बाकीचे एकाहत्तर कुठे गेले?"

"धुण्यात गेले असतील."

"असतील म्हणजे? धुवण कुठंय?"

"सिंकमध्ये ओतलं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तांदळाचं धुवण घरी झाडांना घालता ना? मग इथलं का फेकलंत?"

तीन बॅचेसचं काम, आणि एन्झाइम कुठे गेलं ते सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मण्यांत शिरलंच नाही? शिरून झिरपलं? की आत राहून मेलं? चौथ्या बॅचपासून प्रत्येक पाण्याला नंबर दिला. मणी कडक केलेलं कॅल्शियमचं पाणी, पहिलं धुवण, दुसरं धुवण. सगळ्यांची ताकद मोजली. कॅल्शियमच्या पाण्यात २१ युनिट निघाली, पहिल्या धुवणात ९, दुसऱ्यात ४. म्हणजे ३४ बाहेर गेली होती आणि ६६ आत असायला हवी होती. मणी मात्र २९ च दाखवत होते.

हे दोन आकडे वेगळे आहेत, हे मला कागदावर बघितल्यावरच समजलं. वजाबाकीने येतो तो किती अडकलं याचा आकडा. मण्यांवर साखर टाकून येतो तो किती काम करतंय याचा. पुष्कळ जण पहिला आकडा देऊन '६६ टक्के यश' लिहून मोकळे होतात. मीही लिहिलं असतं, खोटं कशाला बोलू.

मधले ३७ कुठे होते, ते शोधायला आधीचा फजितीचा प्रसंग कामी आला. मोजून मणी घेतले आणि या वेळी मुद्दाम सायट्रेटमध्ये विरघळवले. त्या पेजेची ताकद मोजली, अर्थात नुसत्या सायट्रेटचा आणि रिकाम्या मण्यांचा ब्लँक लावून. आली ५८. बहुतेक एन्झाइम मेलेलं नव्हतं. मण्याच्या पोटात जिवंत बसलेलं होतं, साखर त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. सगळं काम सालीजवळ चाललं होतं आणि गाभा उपाशी. मग उपाय सरळ होता, मणी लहान करायचे. २२ गेजची सुई काढून २६ ची, म्हणजे आणखी बारीक, लावली. द्रावण इतकं दाट की अंगठा दोन दिवस दुखत होता, पण मणी तीन मिलिमीटरवरून दोनवर आले आणि दिसणारी ताकद २९ वरून ४१ झाली. त्या दिवशी नेरूळ स्टेशनवर मी स्वतःला एक कटिंग आणि एक वडापाव घेऊन दिला.

होळीनंतर, १७ मार्चपासून चिटोसान. दोन टक्के चिटोसान असिटिक आम्लात विरघळवायचं, कापडातून गाळायचं आणि कॉस्टिकच्या द्रावणात थेंब सोडायचे. अल्जिनेटच्या उलटा प्रकार. इथे आम्लात विरघळलेला पदार्थ अल्कलीत गेल्यामुळे घट्ट होतो. मणी पांढरे, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. ते उदासीन होईपर्यंत धुवायला मला अकरा पाणी लागली. मग पातळ ग्लुटाराल्डिहाइडमध्ये दोन तास. त्याचं एक टोक चिटोसानच्या अमिनो गटाला धरतं, दुसरं एन्झाइमच्या अमिनो गटाला. मणी पिवळट होतात. हे काम फ्युम हूडमध्येच करा, डोळे झोंबतात आणि वास घशात बसतो. या टप्प्यावर ट्रिस बफर अजिबात वापरू नका, त्याचाच अमिनो गट सगळ्या जागा अडवून बसेल. ग्लायसिन शेवटी घालायचं, उरलेली मोकळी टोकं बंद करायला. आणखी एक, एन्झाइम न लावलेले मणीही सगळ्या पायऱ्यांतून न्या. माझ्या अशा रिकाम्या मण्यांनीही डीएनएसएला रंग दिला होता. संशय उरलेल्या ग्लुटाराल्डिहाइडवर गेला. आणखी चार वेळा धुतल्यावर रंग गेला, पण रिकामे मणी ठेवले नसते तर तो रंग मी एन्झाइमच्या खात्यावर जमा केला असता.

याच काळात पिपेटची टोकं संपली. इंडेंट घेऊन गेले तर कळलं, ३१ मार्च जवळ आला म्हणून खरेदी बंद आणि नव्या वर्षाची मंजुरी एप्रिलच्या मध्यापर्यंत नाही. सव्वाशे रुपयांच्या टोकांसाठी तीन आठवडे कोण थांबणार, मी बाहेरून आणली. मार्चनंतर लागणारं सगळं फेब्रुवारीतच मागून ठेवा. पाडव्याला, ३० मार्चला, घरी गुढी उभारून दुपारी मणी बघायला कॉलेजात गेले होते. मामांनी सुट्टी असून दार उघडून दिलं. श्रीखंडाचा डबा त्यांच्यासाठी नेला होता.

चिटोसानचा हिशेब असा आला : १०० घातली, ३८ पाण्यांत निघून गेली, ६२ अडकली आणि कामाला दिसली फक्त २४. अल्जिनेटच्या ४१ पुढे हे बघून चेहरा पडला. आत लपलेलं किती आणि मेलेलं किती, हेही इथे सांगता येईना, कारण ग्लुटाराल्डिहाइडने बांधलेलं चिटोसान आम्लातही विरघळत नाही. ते मी प्रबंधात तसंच लिहिलं.

एप्रिलमध्ये पुनर्वापर. तेच मणी आठ वेळा वापरायचे, दर वेळी धुवायचे आणि दर वेळी धुवण मोजायचं. अल्जिनेट प्रत्येक फेरीत थोडं थोडं झिरपत गेलं, धुवणात ते दिसतच होतं. ४१ वरून आठव्या फेरीला १३. चिटोसानच्या धुवणात दुसऱ्या फेरीनंतर जवळजवळ काही नव्हतं. २४ वरून आठव्या फेरीला १७. सहाव्या फेरीत चिटोसान पुढे गेलं. पहिल्याच दिवशीच्या आकड्यावर निकाल लावला असता तर अल्जिनेट जिंकलं होतं.

लिहायला १८ दिवस लागले. उसनवारीचा, म्हणजे प्लेजरिझमचा, पहिला अहवाल २३ टक्के आला, कारण 'पद्धती' हे प्रकरण मी इकडून तिकडून उचललं होतं. युजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांच्या आत हवं. ते प्रकरण वहीत बघून पुन्हा लिहिलं, माझ्या सुया आणि माझ्या चुकांसकट, आणि आकडा सातवर आला. ब्लॅक बुकच्या, म्हणजे बांधीव प्रबंधाच्या, तीन प्रती, सोनेरी अक्षरांसह, दर प्रतीला ३५० रुपये. बाइंडिंगवाला दोन दिवस म्हणाला आणि पाच लावले. टरफलांचं प्रकरण परिशिष्टात घातलं. मला ते गाळायचं होतं, मॅडमनी गाळू दिलं नाही.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, २२ मे रोजी. आदल्या रात्री झोप नाही. सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभं राहून मिलरची पद्धत पाठ करत होते, ती कोणी विचारलीच नाही. एक्सटर्नल सरांनी ब्लॅक बुक उघडलं, पहिला तक्ता बघितला आणि विचारलं, "शंभरातले चोवीस. उरलेलं गेलं कुठे?" मी धुवणाचा तक्ता काढून पुढे ठेवला. त्यांनी बेरीज बोटाने तपासली. मग पुढची वीस मिनिटं आम्ही कोळंबीच्या टरफलांवर बोललो, कारण त्यांचंही चिटोसान कधीकाळी विरघळलं नव्हतं.

जूनमध्ये 'नो ड्यूज'साठी गेले तेव्हा मामांनी फ्रीज उघडून एक बाटली दाखवली. 'चि-४, १७ एप्रिल', माझ्याच अक्षरात. टाकू का, म्हणाले. पुढच्या वर्षी हाच विषय घेणारी मुलगी तिथेच उभी होती. तिला दोन महिने मुरलेल्या मण्यांची ताकद मोजायची होती. मी बाटली तिला दिली आणि ती ज्या बफरमध्ये बुडलेली आहे त्याचं नाव लेबलवर लिहिलंय का, ते आधी बघितलं. लिहिलेलं नव्हतं. मामांकडून पेन घेतलं.